घसाऱ्याचा आवाज

'फटफटी' हा शब्द मराठीत ज्यानं कुणी आणला, त्याचा पुतळा नाही तरी निदान एखाद्या चौकाला त्याचं नाव द्यायला हवं होतं. इंग्रजानं या यंत्राला 'मोटरसायकल' म्हटलं, म्हणजे काय केलं? तर आत काय काय माल आहे त्याची यादी दिली. नग एक मोटर, नग एक सायकल. आपल्या माणसानं यादीबिदी केली नाही. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, त्यानं कान दिला आणि नाव ठेवलं. मराठी माणसाला नावं ठेवण्याचं काम दोन्ही अर्थांनी चांगलं जमतं, याचा हा बिनतोड पुरावा.

आता या आवाजाबद्दल बोलायचा माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. तर काही नाही. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत लिपिक आहे. यंत्र या वस्तूशी माझा अभ्यासक्रमात संबंध आला तो घसाऱ्यापुरता. 'यंत्रसामग्रीवर दहा टक्के घसारा काढा' असं प्रश्नपत्रिकेत असायचं आणि आम्ही काढायचो. यंत्र झिजतं म्हणजे त्याची किंमत कमी होते, एवढंच आम्हाला शिकवलं. झिजताना ते आवाजही करतं, हे कॉमर्सच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते पुढे फटफटीनं शिकवलं आणि त्याची फी दर तीन महिन्यांनी घेतली.

फटफटीच्या आवाजाचं एक वैशिष्ट्य आहे. चालवणाऱ्याला तो सगळ्यात शेवटी ऐकू येतो आणि मागे बसलेल्या बायकोला सगळ्यात आधी. "अहो, काहीतरी वाजतंय," असं मागून येतं. "रस्ता खराब आहे," असं पुढून उत्तर जातं. गुळगुळीत डांबरी रस्त्यावरसुद्धा हेच उत्तर जातं. लग्नाला पाच वर्षं झाली की मागून काही येईनासं होतं, आणि मग एके दिवशी दोघंही गाडी ढकलत घरी येतात.

तर 'फट' म्हणजे मुळात काय? चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा खाली येतो आणि दोनदा वर जातो. पहिल्यांदा खाली येताना पेट्रोल आणि हवा आत ओढतो, वर जाताना दाबतो, मग ठिणगी पडून ते जळतं तेव्हा खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर जाताना धूर बाहेर काढतो. चार हेलपाटे, त्यातला कामाचा एक. आमच्या बँकेत कर्जाचा कागद चार टेबलं फिरतो आणि पैसे शेवटी एकाच टेबलावर मिळतात, तसंच. जळून झाल्यावर धूर जायचा व्हॉल्व्ह उघडतो, त्या वेळी आत अजून बराच दाब शिल्लक असतो. तो एकदम सुटतो. हीच ती 'फट'. क्रँकचे दोन फेरे झाले की एक 'फट'. म्हणजे मिनिटाला हजार फेरे घेणारं इंजिन पाचशे वेळा, सेकंदाला साधारण आठ वेळा 'फट' म्हणतं. अशा आठ 'फट' ओळीनं ऐकल्या की आपण म्हणतो, आली बरं का फटफटी.

ही चार हेलपाट्यांची पद्धत निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थानं १८७६ साली चालू करून दाखवली. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी पुढे स्वतंत्र धंदा काढला आणि १८८५ साली लाकडी सांगाड्यात अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. ही जगातली पहिली पेट्रोलची फटफटी. नोव्हेंबर महिन्यात डाइमलरचा मिसरूड फुटण्याच्या वयातला मुलगा पाउल तिच्यावर बसून कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमला निघाला. पेट्रोल पेटवायला ठिणगी नव्हती, एक तापवून लाल केलेली नळी होती आणि ती बरोबर सीटखाली होती. वाटेत सीटनं पेट घेतला असं सांगतात. गाडीत काय बिघडलंय हे कानाशिवाय दुसऱ्या अवयवानं कळण्याचा मला माहीत असलेला हा पहिलाच प्रसंग.

आपल्याकडे फटफटीचे तीन आवाज घराघरांत पोचले. पहिला बुलेटचा. नाव १९३२ सालचं, मूळ इंग्लंडचं. १९५५ साली मद्रासला कंपनी निघाली आणि ती गाडी इथली झाली. सिलिंडर एकच, ३५० सीसीचा. त्याची रुंदी ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. एवढी लांब धाव आणि वर जड फ्लायव्हील, त्यामुळे ती सावकाश फिरूनही बंद पडत नाही आणि प्रत्येक 'फट' सुटीसुटी मोजून घेता येते. बुलेट येते तेव्हा फौजदार पायऱ्या चढतोय असं वाटतं ते त्यामुळेच.

दुसरा आवाज जावाचा. फ्रान्तिशेक यानेचेक या चेक कारखानदारानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीची गाडी बनवायचा हक्क घेतला. आपल्या नावातला 'जा' आणि वांडररचा 'वा' घेऊन त्यानं नाव केलं जावा. (चेक लोक त्याचा उच्चार 'यावा' करतात, आपल्याकडे 'यावा' हा फक्त पाहुण्यांबद्दलचा शिष्टाचार आहे.) १९६१ सालापासून ही गाडी म्हैसूरला व्हायला लागली, १९७३ साली तिची येझदी झाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना. हिचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जळणार. उभी असताना मात्र ती नेमानं जळत नाही. आत आधीचा धूर उरलेला असतो, त्यामुळे एखादी पाळी चुकते, मग दोनदा जळतं, पुन्हा चुकते. 'डुगु डुगु... डुग' असा तिचा हिशेब. नवख्याला वाटायचं गाडी आजारी आहे. जाणकाराला तेच तिच्या तब्येतीचं प्रमाणपत्र वाटायचं.

तिसरा आवाज राजदूतचा. १९६२ साली पोलंडच्या एका गाडीवरून परवान्यानं आपल्याकडे सुरू झालेली, १७५ सीसीची ही टू-स्ट्रोक. दूधवाल्यांनी तिला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवल्या आणि राजाच्या दूताला गवळ्याचा गडी केलं. माझ्या वडिलांकडे हीच गाडी होती. या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे, म्हणून पंपावर ऑईल ओतून झालं की माणसं गाडी धरून दोन्ही बाजूंना गदागदा हलवत. लहान मुलाला खोकल्याचं औषध द्यायच्या आधी बाटली हलवतात, तसं. संध्याकाळी आम्ही पोरं पटांगणात खेळत असलो की गल्लीच्या तोंडाशी आवाज येताच कुणाचे वडील आले ते न बघता सांगायचो, आणि ज्याचे आले तो हातातली बॅट टाकून अभ्यासाला पळायचा. आवाज ओळखण्याचं शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं.

१९८५ साली शंभर सीसीची चार स्ट्रोकची हीरो होंडा आली. तिची जाहिरातच अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोकांनी ते मनावर घेतलं. गाडी इतकी कमी बोलायची की लोक तिच्याकडे कान द्यायचंच विसरले. त्यांना फटफटी हा शब्दसुद्धा जड वाटू लागला. आता नुसतं 'बाईक' म्हणतात. या शब्दात आवाज कुठेच नाही.

पण इंजिन कमी बोलायला लागलं म्हणून त्याचं झिजणं थांबलं नाही. ते ऐकायला आमच्या भागात एक मिस्त्री आहेत. पेशानं मेकॅनिक, हावभावानं घराण्याचे गवई. गाडी समोर आली की ते आधी डोळे मिटतात. मग फूटभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनाला लावतात आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीचं काम हा स्क्रू-ड्रायव्हर करतो. आवाज लोखंडातून सरळ कानात जातो आणि टोक हलवत गेलं की तो नेमका कुठून येतो ते कळतं. त्यांच्याकडे बसून बसून मी जी विद्या मिळवली ती बी. कॉम.पेक्षा जास्त उपयोगी पडली, म्हणून इथे फुकट देतो.

पहिली गोष्ट, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस करून बघायची. आवाज रेसबरोबर वाढला तर तो इंजिनाचा. उभ्या गाडीत येतच नाही, चालतानाच येतो, तर चेन, स्प्रॉकेट नाही तर चाकाचं बेअरिंग. चेन सैल पडली की कव्हरवर आपटून खडखडते. हजारातले निम्मे तरी 'इंजिन गेलं' म्हणून आलेले लोक चेन ताणून परत जातात, असं मिस्त्री सांगतात. हा हजाराचा आकडा त्यांच्या तोंडचा आहे, त्याचं ऑडिट झालेलं नाही. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचकडे बघायचं.

दुसरी गोष्ट, आवाज गार गाडीत येतो की गरम. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर टकटक येते आणि पाच मिनिटांत जाते, तर तो पिस्टन. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की फुगतो आणि सिलिंडरमध्ये नीट बसतो. गार असताना जरा ढिला असल्यामुळे भिंतीवर आपटतो. सकाळी उठल्यावर आपले गुडघे वाजतात तेवढंच त्याचं महत्त्व, फार वाढेपर्यंत. डब्यात चिल्लर हलवल्यासारखी खळखळ आली तर टायमिंग चेन सैल झालेली. वेगात असताना रेस सोडली आणि मागे फटाका वाजला, तर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन जळलं. बहुतेक वेळा सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत असते किंवा कार्ब्युरेटरचं माप बिघडलेलं असतं.

आणि खालून, पोटातून, जड 'ठक ठक' आली, गाडीवर भार पडला की वाढली, तर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. ऑईल कमी पडलं की हे होतं. या आवाजाला दुसरं उत्तर नाही. गाडी बंद करायची आणि ढकलायची. "घरापर्यंत तरी जाईल का?" असं लोक विचारतात. जाते. पण रॉड क्रँककेस फोडून बाहेर येण्याची वाट बघत जाते.

आता टॅपेट. हा सगळ्यात बारीक आवाज, शिवणाच्या मशीनसारखी टिकटिक. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात आणि व्हॉल्व्हमध्ये एक केसभर फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण धातू तापला की वाढतो. ही फट जास्त झाली की टिकटिक ऐकू येते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, आवाज बंद करा. मिस्त्री म्हणतात, "साहेब, थोडा वाजू द्या. वाजतो तो टॅपेट बरा." मला हे पहिल्यांदा कामचुकारपणाचं तत्त्वज्ञान वाटलं होतं. पण त्यात शास्त्र आहे. फट पार मिटवली तर आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं आणि व्हॉल्व्ह पुरता बंद होईनासा होतो. धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह आपली उष्णता बंद होऊन बैठकीला टेकल्यावरच देऊ शकतो. टेकलाच नाही तर गरम झोत त्याच्या कडेनं सुटत राहतो आणि महिना-दोन महिन्यांत व्हॉल्व्ह जळतो. अगदी गुपचूप, टिक न करता. गिऱ्हाईक म्हणतं, कालपर्यंत इतकी छान गप्प चालली होती हो!

वाचकहो, बँकेत अशा गप्प खात्यांचीच आम्हाला भीती वाटते. रोज येऊन भांडणारा कर्जदार कधी बुडत नाही. बुडतो तो, जो तीन वर्षं कौंटरवर आलेला नाही.

आता एक आवाज उरला. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. घाटात गाडी चढतेय, मागे कुटुंब, वर गिअर टाकलेला, रेस पूर्ण पिळलेली, आणि इंजिनातून बारीक खणखण येते, काचेच्या बरणीत कुणी गोट्या टाकाव्यात तशी. मिस्त्री याला 'नॉकिंग' म्हणतात. यावर ताबडतोबीचा उपाय म्हणजे खालचा गिअर टाकणे. पण या एका आवाजापायी जगानं जे केलं ते ऐकलंत, तर टिकटिक करणाऱ्या टॅपेटला तुम्ही नमस्कार कराल.

सरळ असताना काय होतं? ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीनं सरकते. पण दाब फार वाढला किंवा पेट्रोल हलकं असलं की ज्योत पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपण होऊन एकदम पेटतं. रांगेतला शेवटचा माणूस एकदम खिडकीवर चढावा तसं. त्याचा धक्का भिंतीवर बसतो, ती खणखण. धक्के बसत राहिले तर पिस्टन फुटतो.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो नावाचा इंजिनिअर याचा अभ्यास करत होता. पहिल्या महायुद्धात त्यानं रणगाड्यांची इंजिनं केली होती. हा दोष कोपऱ्यातल्या मिश्रणाचा आहे हे ओळखून त्यानं जळणाच्या खोलीचा आकारच बदलला, म्हणजे मिश्रण नीट घुसळलं जाईल आणि ज्योत कोपऱ्यापर्यंत लवकर पोचेल. १९२१ साली त्यानं ट्रायम्फ कंपनीच्या फटफटीसाठी चार व्हॉल्व्हचं इंजिन केलं, ते आजही नावाजलं जातं. खोलीत भाडेकरू भांडताहेत म्हटल्यावर या माणसानं खोलीची रचना बदलली.

अमेरिकेत दुसरीच गंमत चालली होती. तिथे चार्ल्स केटरिंगनं १९१२ साली मोटारीला बटणाचा स्टार्टर दिला होता. त्याच्या बॅटरीच्या इग्निशनमुळेच इंजिन खणखणतं, असं लोक म्हणू लागले. केटरिंगनं आपल्या हाताखालच्या टॉमस मिजलीला कामाला लावलं. मिजली मेकॅनिकल इंजिनिअर, रसायनशास्त्राशी त्याचा संबंध माझ्याइतकाच. त्या दोघांनी १९१६ साली असं तर्कशास्त्र लढवलं की बर्फातही फुलणाऱ्या एका रानवेलीची पानं मागून लाल असतात, त्या अर्थी लाल रंग उष्णता धरून ठेवत असणार. तेव्हा इंधन लाल केलं तर ते लवकर वाफ होऊन नीट जळेल. तेलात विरघळणारा लाल रंग भांडारात नव्हता. आयोडीन होतं, ते टाकलं. आणि खणखण थांबली! मग खरे लाल रंग आणून टाकले, तर एकाचाही उपयोग होईना. म्हणजे तर्क सपशेल खोटा आणि उत्तर बरोबर. गणिताच्या पेपरात माझं नेमकं उलटं व्हायचं.

आयोडीन महाग आणि लोखंड खाणारं. मिजलीनं एकेक पदार्थ टाकून बघायला सुरुवात केली. टेल्युरियमनं आवाज छान थांबला, पण सगळ्यांच्या अंगाला लसणासारखा असा वास सुटला की घरची माणसं जवळ येईनात. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यानं शिशाचं एक संयुग टाकलं, टेट्राएथिल लेड. चिमूटभर पुरलं. इंजिन एकदम शांत. १९२३ च्या फेब्रुवारीत ओहायो राज्यातल्या डेटन गावी ते पेट्रोल पंपावर विकायला आलं. नाव ठेवलं 'एथिल'. बघा, नाव ठेवतानाच शिसं गाळलं. ताळेबंदातून नको ती रक्कम गाळावी तसं.

शिसं विषारी असतं हे रोमन काळापासून ठाऊक होतं. मिजलीला स्वतःलाच त्याची बाधा होऊन १९२३ साली हवापालटाला जावं लागलं होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे रसायन बनवणाऱ्या पाच कामगारांना भ्रम होऊन मरण आलं, कित्येक इस्पितळात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीला मिजलीनं वार्ताहर बोलावले, ते रसायन हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. म्हणाला, यात काही धोका नाही. १९२५ साली सरकारनं परिषद भरवली. हार्वर्ड विद्यापीठातल्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन, ज्यांनी कारखान्यांतली शिशाची विषबाधा वर्षानुवर्षं तपासली होती, त्यांनी कडाडून विरोध केला. समिती बसली, समिती उठली, आणि १९२६ साली विक्री पुन्हा सुरू झाली. मिजलीला हेही माहीत होतं की पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी खणखण थांबते. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो. त्याचं पेटंट कसं घेणार?

पुढची पन्नास वर्षं जगातल्या मोटारी आणि फटफट्या शांतपणे चालल्या आणि धुरातून शिसं सोडत राहिल्या. पृथ्वीचं वय शोधणारा क्लेअर पॅटरसन नावाचा शास्त्रज्ञ शिशाचं मोजमाप करत होता, त्याच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतल्या हवेपासून समुद्राच्या पाण्यापर्यंत सगळीकडे ते भलतंच वाढलंय. त्यानं १९६५ साली ते जाहीर लिहिलं आणि पुढे बराच काळ त्याचं फळ भोगलं. लहान मुलांच्या रक्तात शिसं गेलं की मेंदूवर परिणाम होतो आणि तो परत भरून येत नाही, हे तोवर डॉक्टरही सांगू लागले होते. अमेरिकेत १९७५ पासून नव्या मोटारींना बिनशिशाचं पेट्रोल लागू लागलं, तेही मुलांमुळे कमी आणि शिशानं धूर शुद्ध करणारं नवं उपकरण निकामी होत होतं म्हणून जास्त. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते जुलै २०२१ मध्ये संपलं. एका खणखणीला गप्प करायची किंमत जवळजवळ शंभर वर्षं भरली जात होती, आणि भरणारे बहुतेक जण गाडीत बसलेलेही नव्हते. ते रस्त्याच्या कडेला पटांगणात खेळत होते.

माझी पिढी त्यातलीच. वडिलांची राजदूत गल्लीत शिरली की आम्ही तिच्यामागे धुरातून पळायचो. तो वास आम्हाला आवडायचा. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातलं नेमकं काय आणि किती गेलं, याचं खातं कुठल्याच बँकेत नाही. गणितात मार्क कमी पडण्याचं कारण म्हणून मी हे बायकोला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अहो, मीही त्याच गावात वाढले." ती पहिल्या वर्गात पास झालेली आहे. विषय तिथेच संपला.

दैवाची करणी बघा, २०२५ साली आपल्या पंपांवर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल म्हणजे तेच अल्कोहोल, उसापासून आणि धान्यापासून केलेलं. आपल्या साखर कारखान्यांना त्याचं कोण कौतुक! मिजलीनं बाजूला ठेवलेली बाटली शंभर वर्षांनी पुन्हा टेबलावर आली. खणखण त्यानंही कमी होते. मात्र जुन्या गाड्यांतलं रबर त्याला सोसत नाही, म्हणून मिस्त्रींच्या दारात गर्दी आहे आणि ते डोळे मिटून ऐकताहेत.

काही लोकांना याच्या उलट हौस असते. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या इंजिनात दोन सिलिंडर एकाच क्रँकपिनला जोडलेले, ४५ अंशांत. त्यामुळे एक 'फट' आणि दुसरी 'फट' यांत सारखं अंतर पडत नाही. लंगडत चालल्यासारखा आवाज येतो. कंपनीला तो इतका प्रिय की १९९४ साली तिनं या आवाजावर मालकीहक्क नोंदवायला अर्ज केला. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या, सहा वर्षं वाद चालला आणि २००० साली अर्ज मागे घेतला गेला. आवाज तारण ठेवून कर्ज मागायला कुणीतरी आमच्या कौंटरवर आलं असतं, तो प्रसंग टळला. आपल्याकडचे हौशी वीर अर्जबिर्ज करत नाहीत. ते सायलेन्सर बदलून रात्री अकरा वाजता फटाके वाजवत जातात, आणि मग त्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचा फोटो पेपरात येतो. या वीरांच्या गाडीतलं बेअरिंग गेलं तर त्यांना कळणार कसं, याची मला काळजी वाटते. फुकट गोंगाटात कामाचा आवाज बुडतो. हे सभा भरवणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

आता विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही. त्या मागून येऊन अंगाशी उभ्या राहतात तरी कळत नाही. युरोपात २०१९ पासून विजेवरच्या नव्या मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज करायची सक्ती झाली, कारण चालणाऱ्यांना, विशेषतः अंधांना, त्या ऐकूच येत नव्हत्या. दीडशे वर्षं खपून आवाज घालवला आणि शेवटी तो लाऊडस्पीकरनं परत आणला!

आमच्या पुस्तकात घसारा ३१ मार्चला निघतो, एकदाच, लाल शाईनं. यंत्रात तो रोज थोडाथोडा निघतो आणि निघताना सांगून निघतो. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. तेव्हा मागच्या सीटवरून "अहो, काहीतरी वाजतंय" असं आलं, तर रस्त्याला दोष देऊ नका. गाडी बाजूला घ्या, उभी करा, न्यूट्रलमध्ये टाका आणि एकदा रेस करून बघा.